आधी हुमायून, मग ताज

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय अव्या,

फोनवर तुला धड उत्तर देता आलं नाही. "आग्र्याला ताज सोडून बघण्यासारखं आहे तरी काय?" असं तू विचारलंस तेव्हा मी मंडईत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा होतो आणि भाजीवाली सुट्ट्या पैशांसाठी खोळंबली होती. म्हणून हे पत्र. लांबणार आहे. काकूंना मोठ्याने वाचून दाखव, इतिहास म्हटला की त्या तुझ्यापेक्षा जास्त कान देऊन ऐकतात.

सगळ्यात आधी, नाताळच्या सुट्टीचा बेत रद्द कर. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं असं काही बसतं की सकाळी ताजच्या चौथऱ्यावर उभं राहूनही घुमट दिसत नाही, आणि उत्तरेच्या गाड्या किती उशिरा येतील याचा नेम नसतो. चिरंजीवांची शाळा बुडाली तरी बुडू दे, फेब्रुवारीच्या शेवटाला जा.

आता मुद्द्याचं. शाळेत आपण काय शिकलो? शाइस्तेखान हा औरंगजेबाचा मामा. लाल महालात त्याची बोटं तुटली, १६६३ चा एप्रिल. हे आपल्याला झोपेत विचारलं तरी येतं. पण मामा म्हणजे आईचा भाऊ, आणि औरंगजेबाची आई कोण, तर मुमताजमहल! ताजमध्ये जी निजली आहे तिचा सख्खा भाऊ आपल्या कसबा पेठेत बोटं टाकून पळाला. इतकी वर्षं मी लाल महालावरून जातोय (आत्ताचा महापालिकेने बांधलेला आहे, ते सोड), पण ही दोन नावं कधी डोक्यात शेजारी बसली नव्हती. आग्र्याला गाइड घराण्याची माहिती सांगत होता, "मुमताज के वालिद आसफ़ ख़ान, दादा एतमादुद्दौला, भाई शाइस्ता ख़ान," तेव्हा अंजलीने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. त्या गाइडला कळेना हे दोघं एकदम हसले कशाला.

त्यानंतर मी तो सगळा प्रवास याच नजरेने केला. तूही तसाच कर, म्हणजे "काय बघायचं" हा प्रश्न उरणार नाही. दुसरं नाव घे, मिर्झाराजा जयसिंग. पुरंदरच्या पायथ्याशी छावणी टाकून बसलेला, १६६५ च्या तहात महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारा. ताज ज्या जागेवर उभा आहे ती जागा मूळ या जयसिंगाच्या घराण्याची. शाहजहानने ती घेतली आणि बदल्यात आग्र्यातल्या चार हवेल्या दिल्या, तसं फर्मानच आहे. म्हणजे ताजच्या सातबाऱ्यावर पुरंदरवाला जयसिंग! काकूंना हे नक्की आवडेल.

झेलम एक्स्प्रेसने गेलास तर आणखी एक जागा वाटेत लागते. भुसावळनंतर तापी ओलांडली की बुऱ्हाणपूर. रात्रीची वेळ असते, तू घोरत असशील, तरी सांगून ठेवतो. मुमताज वारली ती आग्र्याला नव्हे, या बुऱ्हाणपुरात, जून १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी तिथे तळ देऊन होता. तिला आधी तापीपलीकडच्या बागेत पुरलं, आणि सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. तेव्हा शिवनेरीवर शिवबा दीड वर्षाचेही नव्हते, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता, आणि त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला होता. जयसिंगही पुढे १६६७ मध्ये या बुऱ्हाणपुरातच वारला. आपल्या पोरांना पाठ्यपुस्तकात ताज एका धड्यात आणि शिवनेरी दुसऱ्या धड्यात, त्यामुळे दोन्ही एकाच काळातलं आहे हे ध्यानातच येत नाही.

क्रम मात्र मी सांगतो तसा ठेव. आग्र्याला उतरू नकोस, सरळ दिल्लीला जा आणि पहिल्यांदा हुमायूनचा मकबरा बघ. ताज आधी पाहिलास तर हुमायून फिका वाटेल आणि तू अर्ध्या तासात बाहेर पडशील. हुमायून आधी पाहिलास तर ताज कुठून आला हे कोणी न सांगता कळेल. ताजच्या साठ वर्षं आधीचा, १५७० च्या आसपासचा. चारबाग, मधोमध उंच चौथरा, वर दुहेरी घुमट, सगळं इथे आधीच आहे, फक्त लाल दगडात आणि पांढऱ्या पट्ट्यांत. आणि हा नवऱ्यासाठी बायकोने बांधवलाय, अकबराची आई हमीदा नव्हे, थोरली बेगम, हाजी बेगम म्हणतात ती. वहिनींना हे आवर्जून सांग. मधल्या काळात कोणीतरी गच्चीवर काँक्रीट ओतून ठेवलं होतं. दुरुस्ती करणाऱ्यांनी सुमारे दहा लाख किलो काँक्रीट हातांनी फोडून उतरवलं आणि पुन्हा चुन्याचं काम केलं. आपल्याकडे वाड्यांच्या दुरुस्तीला सिमेंटची पोती येतात तेव्हा मला हे आठवतं आणि जीव वरखाली होतो.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तेवढा वार सांभाळ. तिथे दिवाण-ए-आममध्ये बादशहाच्या बैठकीवर संगमरवरी छत्री आहे. गर्दी तिच्या मागच्या पक्ष्यांच्या जडावाकडे बघते. तू खांबांकडे बघ. खाली पाकळ्यांतून उगवलेला, पोटाला फुगलेला, वर निमुळता होत गेलेला खांब, त्याच्यावर कमान. मी पाहिलं आणि म्हटलं, अरे, हा तर आपला सुरूचा खांब! नाना वाड्याच्या दिवाणखान्यात आहे, विश्रामबागवाड्यात आहे, लहानपणी आपण लपाछपीत ज्याला कवटाळायचो त्या आपट्यांच्या वाड्याच्या चौकातही होता. तिकडे दगडात, आपल्याकडे सागवानात. आपल्या सुतारांनी त्याला वर केळफूल लटकवलं, महिरपीला वेलबुट्टी घातली आणि तो इतका आपलासा केला की त्याला "मराठा पद्धतीचा खांब" म्हणतो आपण. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना आठव, आणि मग लाल किल्ल्याचा नौबतखाना बघ. पेशव्यांनी मुघलांशी दावा मांडला, पण घर बांधताना नजर दिल्लीकडेच होती. दरवाज्याचं तोंडसुद्धा.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, "त्यांच्या कबरी बघायला आपले पैसे कशाला घालवायचे?" मी वाद घातला नाही, पुण्यात वाद घातला की संध्याकाळ जाते. पण मला वाटतं, ज्यांच्याशी आपण पिढ्यान्‌पिढ्या लढलो त्यांचं घर आतून बघितल्याशिवाय आपण कशाशी लढलो हे कळत नाही.

लाल किल्ल्यातच दिवाण-ए-खास आहे. त्याच्या छताला चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ दिल्लीत आले, फौजेचा पगार थकलेला, दाणागोटा संपत आलेला, तेव्हा ती चांदी काढून आटवली आणि नाणी पाडली. नऊ लाखांच्या आसपास रुपये निघाले म्हणतात. पुढे पानिपत. गाइड हे सांगतो, पण "मरहट्टे लूट के ले गए" एवढंच, आणि पुढे चालू लागतो. मान वर करून छताकडे पाहताना मला लुटीपेक्षा भाऊंची ती ओढाताण जास्त दिसली. आणि याच किल्ल्यात १७८८ मध्ये गुलाम कादिरने शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं ते महादजी शिंद्यांनी. महादजी कुठे विसावलेत? वानवडीला, शिंदे छत्रीत. जाण्याआधी पुण्यात आलास तर तिथूनच सुरुवात करू.

आग्र्याला ताजच्या आधी दोन गोष्टी. एक, यमुनेपलीकडचा एतमादुद्दौला. रिक्षावाले त्याला "बेबी ताज" म्हणतात, ते ऐकून घे आणि विसर. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी बांधवला, १६२८ मध्ये पुरा झाला. शाइस्तेखानाचा हा आजोबा. खरं सांगू? मला ताजपेक्षा हा जास्त भिडला. गर्दी नाही, शिट्ट्या नाहीत. भिंतीपाशी वाकून बघ: सुरूची झाडं, सुरया, फळांची तबकं, सगळं रंगीत दगडाचे कपचे बसवून केलेलं. एका सुरईच्या गळ्यावरून मी नख फिरवलं, पांढरा दगड कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो ते बोटाला लागलंच नाही. (रखवालदार खेकसला, तू हात लावू नकोस.)

दुसरा आग्र्याचा किल्ला. अमरसिंह दरवाज्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे मराठी बोललास की चार माणसं "कुठले तुम्ही?" म्हणून जमतात. आत एखादा गाइड कोठडी दाखवून "शिवाजी को यहाँ क़ैद रखा था" म्हणेल. त्याला पैसे देऊ नकोस. महाराज किल्ल्यात दरबाराला आले होते, १२ मे १६६६ ला. पहारा बसला तो शहरात, जयसिंगाचा मुलगा रामसिंग याच्या छावणीजवळच्या मुक्कामावर, फौलादखानाचा. आणि हेही बघ, शाहजहान याच किल्ल्यातल्या बुरुजात आठ वर्षं मुलाच्या कैदेत काढून त्याच वर्षीच्या जानेवारीत मेला होता. त्या बुरुजातून नदीच्या वळणावर ताज दिसतो. महाराज आले तेव्हाही तो तिथे पुरता उभा होता.

आता ताज. शुक्रवारी बंद. आतल्या कबरींपर्यंत जायचं तर दोनशे रुपये वेगळे, ते दे. खाण्याचं काही नेऊ नकोस. दारावर आमच्या पुढच्या बाईंच्या पर्समधून लाडवांचा डबा निघाला आणि शिपायाने तो असा बाहेर ठेवला की बाईंच्या डोळ्यांत पाणी. आत घुमटाखाली गोंगाट फार, शिट्ट्या आणि "चलिए, चलिए". तरी एक बघून घे. सगळी इमारत डावी-उजवी काटेकोर सारखी, मुमताजची कबर बरोबर मध्यावर, आणि शाहजहानची बाजूला, तिच्यापेक्षा मोठी, नंतर सरकवून बसवल्यासारखी. एवढी एकच गोष्ट तिथे समतोल मोडते. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. जाळीवरच्या फुलावर गाइड मोबाइलचा दिवा धरतात, तेव्हा त्यातला अकीक निखाऱ्यासारखा लाल होतो. हे नाटक प्रत्येकासाठी होतं, पण बघण्यासारखं आहे. चिरंजीवांना पुढे उभं कर.

रिक्षावाला "सिर्फ़ देखने का" म्हणून संगमरवराच्या दुकानात नेईल. आम्हाला नेलं, आणि मग अंजलीला तासभर ताटल्या बघाव्या लागल्या. त्याला निघतानाच नाही म्हण. पेठा घे, पण थोडा. शेवटी कोहळाच तो. फतेहपूर सिक्री जमली तर कर, बुलंद दरवाज्याच्या पायऱ्या काकूंना झेपणार नाहीत, त्यांना खाली सावलीत बसव. त्या एका दिवसासाठी मी भांडणार नाही.

परतल्यावर मात्र औरंगाबाद, म्हणजे आताचं संभाजीनगर, चुकवू नकोस. बीबी-का-मकबऱ्याला आपण "ताजची नक्कल" म्हणून हिणवतो. तो अताउल्लाने बांधला, आणि अताउल्ला हा ताजचा वास्तुकार उस्ताद अहमद याचा मुलगा. बापाला मकराण्याचा संगमरवर मिळाला, मुलाच्या वाट्याला खालचे पट्टे आणि घुमट एवढाच आला, बाकी आपला काळा दगड आणि वर गिलावा. जुन्या नोंदीत खर्च सहा लाख अडुसष्ट हजार रुपये दिला आहे. तेवढ्यात त्याने काय उभं केलंय ते ताज पाहून आल्यावरच कळतं. तिथून खुलदाबादला औरंगजेबाची उघडी, मातीची कबर गाडीने अर्ध्या तासावर.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. काकूंना खालचा बर्थ मिळाला नाही तर मला कळव, माझ्या मेहुण्याला दौंडहून चढायचे काही मार्ग माहीत आहेत. काकूंना नमस्कार, वहिनींना विचारलंय म्हणून सांग. आणि चिरंजीवांना जाण्याआधी मामाची गोष्ट सांगू नकोस, ती ताजसमोर मीच फोनवर सांगणार आहे.

तुझा,
विनू