अंदाजाच्या खेळात घड्याळ सर्व्हरचेच हवे

महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मित्रमंडळी सामन्यांचे अंदाज व्हॉट्सॲपवर लावतात आणि ‘मी आधीच सांगितलं होतं’ यावरून वाद होतात. त्यासाठी छोटे वेब ॲप करणाऱ्यांनी सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करावी: अंदाजाची मुदत सर्व्हरनेच, म्हणजे ॲप जिथून चालते त्या संगणकानेच, तपासली पाहिजे. नुसते बटण लपवून भागत नाही. फोनचे घड्याळ मागे नेता येते. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवावी आणि दाखवताना साडेपाच तास मिळवावेत. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना तिकडे अमेरिकेत १९ जुलैच्या दुपारी, आपल्याकडे २० जुलैला रात्री साडेबाराला. केवळ तारखेवर कुलूप लावले तर घोळ ठरलेलाच.

माहिती साठवायला डेटाबेसमध्ये सदस्य, सामने, अंदाज एवढे तीन तक्ते पुरतात. सदस्य आणि सामना या जोडीवर ‘युनिक’ (एका जोडीची एकच नोंद) अट घालावी, नाहीतर नेट मंद असताना बटण दोनदा दाबले की दोन नोंदी होतात. गुणांची बेरीज साठवू नये. निकाल दुरुस्त केला की ती चुकीची ठरते. दर वेळी अंदाजांवरूनच मोजावी. अचूक गोलसंख्येला ३, नुसत्या विजेत्याला १ गुण पुरे. पेनल्टी शूटआउट धरायचे का, पावसाने क्रिकेटचा सामना रद्द झाला तर काय, हे स्पर्धेआधीच लिहून ठेवावे.

आणि वर्गणी किंवा बक्षिसाची रक्कम अजिबात नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे.

– एक वाचक, बेळगाव