बर्फात धावून आलेल्यांचे मनापासून आभार

अमेरिकेतल्या आमच्या बफेलो शहराचा हिवाळा आम्हाला फार आवडतो. मुलं तर पहिल्या बर्फाची वाटच बघतात. पण नोव्हेंबर २०२२ चं वादळ वेगळं होतं. शहरालगतच्या एरी सरोवराचं पाणी अजून उबदार, त्यावरून कडाक्याचा गार वारा; तो पाण्याची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ म्हणून ओततो. जवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये सुमारे ८० इंच बर्फ पडला!

आमच्या हीटरची बाहेरची नळी बर्फाखाली बुजली होती. ती बंद राहिली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात साठतो. कुणीही न सांगता ती फावड्याने मोकळी करून गेलेले शेजारच्या गल्लीतले आजोबा, तुमचे उपकार कसे फेडू? रात्रभर बर्फ हटवणारे चालकदादा, आईची औषधं चालत आणून देणाऱ्या ताई, तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार.