तापलेला नग आधी पाण्यात, मग तेजाबात

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, डाग लावून, म्हणजे दागिन्याचे भाग ज्योतीवर झाळून जोडून झाले, की नग चिमट्याने तसाच तेजाबात, म्हणजे काळा थर काढणाऱ्या पातळ सल्फ्युरिक ॲसिडात, सोडायची तुमची सवय आता मोडाच. चर्र आवाज होतो, काळा थर पटकन सुटतो, कबूल. पण त्या वाफेबरोबर ॲसिडचे बारीक थेंब उडतात आणि ते डोळ्यांत, छातीत जातात. मध्ये साध्या पाण्याचं रुंद भांडं ठेवा. नगाची लाली पूर्ण मावळली की पाण्यात विझवायचा, मग तेजाबात. आणि चष्मा म्हणजे बाजूंनी बंद असलेला सुरक्षा गॉगल नव्हे; थेंब बाजूने शिरतात.

मुळात सल्फ्युरिक हवंच कशाला? चांदी-तांब्याला सायट्रिक ॲसिड पुरतं. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम, चांगलं गरम, पण उकळी नाही. वेळ जास्त घेतं, घेऊ दे. घरातलं सल्फ्युरिक पातळ करायची वेळ आलीच, तर पाण्यात ॲसिड, बारीक धारेने. ॲसिडवर पाणी ओतलंत तर ते जागीच उकळून अंगावर उडतं.

मला खरी धास्ती पोकळ नगांची वाटते. मण्याच्या भोकातून तेजाब आत शिरतं, वरून नग कोरडा दिसतो. पुन्हा डाग लावायला ज्योत लावली की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि भोक एकच, तेही बारीक असेल तर गरम तेजाबाची पिचकारी सुटते, कधी नगच फुटतो. म्हणून पोकळ नग खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवून फेस थांबेपर्यंत ठेवा, साध्या पाण्यात हलवून धुवा, पूर्ण वाळवा. डाग लावण्याआधी दोन भोकं मोकळी आहेत ना, ते बघा.

आई, नग बाहेर काढताना लोखंडी चिमटा बुडवू नकोस, बांधणीची तारही आधी सोडव. लोखंड लागलं की तेजाबातलं तांबं चांदीवर चढतं आणि नग लालसर होतो. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा घे.

डोळ्यात थेंब गेलाच तर नळाखाली सलग 15 मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टर. डोळ्यात सोडा घालायचा नाही.

वापरून निळं झालेलं तेजाब मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं. झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये साठवा, वर ठळक अक्षरांत लिहा. पिण्याच्या पाण्याची बाटली त्यासाठी कधीच वापरू नका.

तुमची,
धाकटी