बाबा, हेडफोन लावून ऐका

क्वीन्स, न्यूयॉर्क

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मागे ते धडधड काय लावलंयस?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

तो 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'चा दुसरा अल्बम, 'द लो एंड थिअरी'. १९९१ चा. हा हिप हॉप गट, म्हणजे ठेक्यावर बोलल्यासारखं गाणारा; इथल्या क्वीन्समध्येच जमलेला. पहिल्याच गाण्यात त्यांच्यातला एक गाणारा, क्यू-टिप, वडिलांची आठवण काढतो. हिप हॉप ऐकून वडील म्हणायचे, हे तर बीबॉपसारखं वाटतंय. म्हणजे १९४० च्या दशकातलं जॅझ. त्यावर मुलगा म्हणतो, बाबा, सगळं फिरून येतंच की! ते ऐकताना मला तुम्ही दिसलात, रविवारी सकाळी अर्धी दाढी झालेली, रेडिओवर भीमसेन, आणि बोटांनी टेबलावर ठेका.

पाचव्या गाण्यात रॉन कार्टर यांनी स्वतः डबल बास, म्हणजे खालच्या स्वरांचं ते माणसाएवढं तंतुवाद्य, वाजवलाय. जॅझमधले मोठे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या साथीला असलेले तेच. आपल्या तंबोऱ्याचा खर्ज छातीत घुमतो ना, अगदी तसा. आणि मैफलीत गवई साथीदाराला दाद देतो तशी क्यू-टिप गाता गाता त्यांचं नाव घेऊन देतो. मला ते फार आवडतं.

दुसरा गाणारा फाइफ. बुटका, पण आवाज खणखणीत. याच अल्बममध्ये तो खरा उभा राहिला. आई, त्याची आई कवयित्री, त्रिनिदादहून आलेली. त्याला विशीच्या आतच मधुमेह निघाला. २००८ मध्ये बायकोनं मूत्रपिंड दिलं, तरी २०१६ मध्ये तो गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. लिंडन बुलेवार्डच्या कोपऱ्यावर त्याच्या नावाची पाटी आहे, शनिवारी तिथे जाऊन आले. खाली उभी राहिले आणि बाबांचा साखरेचा रिपोर्टच डोळ्यांपुढे आला. आई सांगत होती, तुम्ही दुपारची गोळी चुकवता. बाबा, नका ना चुकवू. मी इतक्या लांब आहे.

फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर येतच नाहीत, नुसती बडबड ऐकू येते. आई, दिवाळीत पाठवलेले हेडफोन कपाटातून काढून दे. आधी पहिलं आणि पाचवं, एवढी दोनच गाणी ऐका. शब्द कळले नाहीत तरी राहू देत, बास धरा. रविवारी फोन करते.

तुमची,
मनू