जर्मन फोनला ‘जसाच्या तसा’ म्हणण्याआधी झाकण उघडून पहा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आपण आमच्या भागातल्या एका प्रदर्शनातल्या जर्मन फौजी फोनचा फोटो छापला. पाहून लय बरं वाटलं, कारण खेड्यात अशा वस्तूकडे कोणी ढुंकून पाहत नाही, भंगारवाल्याच्या काट्यावर किलोनं जाते. पण फोटोखाली ‘दुसऱ्या महायुद्धातला अस्सल फोन, जसाच्या तसा’ असं छापलं आहे, त्यातलं अस्सल मला मान्य आहे, जसाच्या तसा मात्र नाही, आणि हा फरक कळला पाहिजे म्हणून लिहून राहिलो.

फोटोतला डबा फेल्डफर्नश्प्रेखर 33, संग्राहक एफएफ 33 म्हणतात. याच्या आधीचा 26 नंबरचा फोन लाकडी डब्यात होता, हा बेकेलाईटचा, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचा. ज्यांनी जुन्या रेल्वे गेटवरचा हँडलवाला फोन पाहिला त्यांना याचं काम लगेच समजेल, हँडल फिरवलं की आतला मॅग्नेटो, म्हणजे हातानं फिरणारा छोटा जनरेटर, करंट बनवते आणि पलीकडच्या फोनची घंटी वाजते, बोलण्यासाठी डब्यातच दीड व्होल्टचा सेल, एक्स्चेंजकडून करंट लागतच नाही. दोन टर्मिनल असतात, एकावर एल-ए, दुसऱ्यावर एल-बी/ई लिहिलेलं, म्हणजे फौजेजवळ एकच तार असली तर दुसऱ्या टर्मिनलला जमिनीत अर्थिंग द्यायचं आणि बोलायचं. सांगायचं हे की या फोनला डायलची गरजच नव्हती, आणि आपल्या फोटोत तर झाकणावर चांगली गोल डायल बसवलेली दिसते. शहरी एक्स्चेंजला जोडायचं असलं तर जर्मनांकडे त्यासाठी अम्ट्सआनश्लीसर 33 नावाचा वेगळा जोड होता, फोन कापून त्यात डायल बसवायचं काही कारण नव्हतं. म्हणजे ही डायल कोणीतरी मागून बसवली.

कोणी बसवली हे फोटोवरून सांगता येणार नाही, पण असे बदल का झाले ते माहीत आहे. मे 1945 मध्ये जर्मनी शरण आला तेव्हा एकट्या नॉर्वेत तीन लाखांच्या वर जर्मन सैनिक होते, त्यांचं सगळं सामान तिथंच राहिलं आणि नॉर्वेच्या फौजेनं ते पुढं कितीतरी वर्षं वापरलं, चेकोस्लोव्हाकियानंही जर्मन सामान वापरलं. चालू वस्तू कोण फेकते? रिसीव्हरमधलं कॅप्सूल, म्हणजे बोलायची-ऐकायची डबी, नवीन टाकलं, वायर बदलली, नाझी फौजेच्या गरुडाचा शिक्का खरवडला, आपल्या भाषेची पट्टी लावली आणि फोन परत कामाला लागला.

ओळखायचं तर पहिले झाकणाच्या आतला अक्षरांचा तक्ता पहा, माझ्या मते सगळ्यात जास्त तोच बोलते. लाईनवर अक्षर नीट ऐकू यावं म्हणून आन्टोन, बेर्टा अशी नावं त्यात असतात. 1934 साली नाझी सरकारनं या तक्त्यातून ज्यू नावं काढली, दाविदच्या जागी डोरा, नाथानच्या जागी नॉर्डपोल, साम्युएलच्या जागी झीगफ्रीड, झाखारियासच्या जागी झेपेलिन. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत साम्युएल आणि झाखारियास परत आले, नॉर्डपोल मात्र तसाच राहिला. म्हणून युद्धाच्या डब्यात साम्युएल दिसला तर तो तक्ता नंतर लावलेला, आणि शेवटी Æ, Ø, Å ही जास्तीची अक्षरं असली तर डबा डेन्मार्क-नॉर्वेकडून फिरून आला समजा. टेलिफोनच्या झाकणात एवढा द्वेष छापून ठेवला होता, मला तर तो तक्ता पाहिला की अंगावर काटा येते, आणि म्हणूनच तो कोणी उपटून फेकू नये असं कळकळीनं वाटते.

मग कारखान्याचा कोड आणि साल पहा, युद्धात कंपनीच्या नावाऐवजी छोटी अक्षरं मारत, बहुतेक तीन. डब्यावरचं साल आणि रिसीव्हरमधल्या कॅप्सूलवरचं साल जुळते का ते पहा, एखाद दोन वर्षांचा फरक चालते, डबा 1941 चा आणि कॅप्सूल 1950 च्या पुढचं असलं तर काम झालेलं आहे. स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या असल्या तर कोणी उघडला. बेकेलाईटला मागून भोक पाडलं की कडा टवके उडाल्यासारखी होते आणि ती कधीच लपत नाही, पुट्टी भरली तरी बोटाला लागते. प्लास्टिकची वायर दिसली की लोक लगेच नकली म्हणतात, तेवढ्यावर जाऊ नका, जर्मनांकडे पीव्हीसी वायर युद्धाच्या आधीपासून होती.

आता मुद्द्याचं. बदललेला म्हणजे नकली नाही, बावा. नकली तो, ज्याची डायल काढून भोक बुजवते, काळा पेंट मारते, ऑनलाईन मिळणारा नवीन गरुड चिकटवते आणि दहापट भावात विकते, आणि वर गोष्ट सांगते की आजोबानं इटलीतून आणला. आपले मराठा पलटणीचे जवान इटलीत जर्मनांशी लढले हे खरं आहे, यशवंत घाडगे 1944 मध्ये आणि नामदेव जाधव 1945 मध्ये तिथंच व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले, घाडगे तर तिथंच कामी आले. त्यांच्या नावावर कागद नसलेली वस्तू खपवणं मला पाप वाटते.

म्हणून विनंती की पुढच्या अंकात छोटी दुरुस्ती छापावी आणि प्रदर्शनवाल्यांनीही कार्डावर लिहावं: एफएफ 33, डबा युद्धकाळातला, डायल नंतर बसवलेली. डायल काढू नका, पॉलिश मारू नका. आणि आपल्या वऱ्हाडात कोणाच्या माळ्यावर असा डबा असला तर पुसायच्या आधी झाकणाची आतली बाजू, टर्मिनल आणि कॅप्सूलची मागची बाजू यांचे फोटो काढून ठेवा, पोरं हँडल फिरवतील तेव्हा टर्मिनलला हात लावू देऊ नका, झटका चांगलाच बसते.

आपला नियमित वाचक,
एक संग्राहक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला