रबराच्या पर्यायाची सुरुवात टायरपासून नको

महोदय,

डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या छोट्या रोपाच्या मुळांतून रबर निघते आणि लवकरच त्याचे टायर रस्त्यावर धावतील, असा सूर असलेला लेख आपल्या अंकात वाचला. टायर कारखान्याच्या कंपाउंडिंग खात्यात, म्हणजे रबरात इतर घटक मिसळण्याच्या खात्यात, माझी नोकरी झाली. लेखातली उमेद पटली, घाई नाही.

रबर मळणाऱ्या मिलच्या दोन रोलांमध्ये नैसर्गिक रबराची स्मोक्ड शीट (धुरावर वाळवलेला पत्रा) घातली की आधी ती उसळते, धुरकट वास सुटतो, मग नरम पडून रोलला बिलगते. क्युअरिंगआधीचा, म्हणजे उष्णतेने पक्का होण्याआधीचा कच्चा ‘ग्रीन टायर’ आकार धरून राहतो तो याच रबराच्या चिवटपणामुळे. विमानाच्या टायरला तर कृत्रिम रबर पुरे पडत नाही, ते फार तापते. अशा मालासाठी जग जवळजवळ एकट्या हेवियाच्या, म्हणजे नेहमीच्या रबराच्या झाडावर विसंबून आहे. आशियातल्या बहुतेक मळ्यांचे मूळ हेन्री विकहॅम या इंग्रजाने १८७६ मध्ये ब्राझीलमधून नेलेल्या बियांत आहे. खुद्द ब्राझीलमध्ये पानांवरच्या बुरशीने मोठे मळे टिकू दिले नाहीत. मोटारवाल्या फोर्डचा तिथला ‘फोर्डलँडिया’ हा रबरमळाही त्यातच बसला. ती बुरशी आशियात पसरलेली नाही, हे नशीबच.

तेव्हा पर्याय हवाच. पण झाडात रबर असणे वेगळे, ते गासडीत येणे वेगळे. हेवियाच्या सालीला खाच दिली की चीक आपसूक वाटीत ठिबकतो. मेक्सिकोच्या वाळवंटातले ग्वायुले (गाजरगवताचे सख्खे भावंड, बरं का!) आपले रबर पेशींत कोंडून ठेवते. झुडूप तोडा, दळा, मग रबर वेगळे करा. सोबत राळ येते; ती नीट काढली नाही तर रबर लवकर बिघडते. डँडेलियन झटपट तयार होते, पण रोप एवढेसे, तणापुढे हार खाते.

म्हणून आधी हातमोजे करा. हेवियाच्या ज्या प्रथिनांनी ॲलर्जी होते, ती ग्वायुलेच्या लॅटेक्समध्ये (रबराच्या चिकात) नसतात. ज्या परिचारिकेच्या हातांना साध्या मोज्यांनी गांध्या उठतात, तिच्यासाठी रुग्णालय चार पैसे जास्त मोजेल. टायरवाला किलोमागे दमडीही वाढवून देणार नाही. खरेदी खात्याशी भांडून मला हे चांगले ठाऊक आहे.

दुसरे म्हणजे चिकाटी. जपानने आग्नेय आशियातले मळे घेतल्यावर १९४२ मध्ये अमेरिकेने धावपळीने ग्वायुले लावले. युद्ध संपले, कृत्रिम रबरही हाताशी आले होते, आणि उभी झुडपे नष्ट केली गेली. सोव्हिएत संघातले डँडेलियनही असेच मागे पडले. अलीकडे ब्रिजस्टोनने ॲरिझोनात ग्वायुलेसाठी, तर कॉन्टिनेन्टलने जर्मनीत अँक्लामला डँडेलियनसाठी संशोधन केंद्र उभारले. कॉन्टिनेन्टलचा डँडेलियन-रबराचा सायकलचा टायर बाजारातही आला. पण भरपूर रबर देणारे वाण निवडायला वर्षानुवर्षे जातात आणि रबराचा भाव उतरला की पहिली कात्री याच कामाला लागते. हा निधी बाजारभावापासून तोडून दीर्घ मुदतीसाठी बांधून द्यायला हवा.

या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा एकरी रबर किती आणि राळ काढायचा खर्च किती, हे दोन आकडे लेखकाकडून जरूर मागून घ्या.

– एक निवृत्त रबर तंत्रज्ञ