आक्का, तुमच्या बांगड्यांचा आवाज फिल्ममध्ये आहे

आक्का,
सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि गावाचं नाव फिल्ममध्ये घालायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून या पत्रातही ते घालत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

4 मे 2022 ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. ते राजर्षी शाहूंचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं. 17 मे ला राज्य शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर आम्ही तिघं कोल्हापुरातून कॅमेरा घेऊन शिरोळकडं आलो. ठरावाची प्रत, सरपंच, चार कार्यकर्ते, आठ दिवसांत शूटिंग संपेल असा आमचा हिशोब होता.

तुमच्या सोप्यात बसल्यावर तो हिशोब मोडला. तुम्ही आधी संमतीचा कागद पुतणीकडून मोठ्यानं वाचून घेतलात. मग म्हणालात, "पोरी, तू जाशील तुझ्या कोल्हापूरला. मला ह्याच गल्लीत ऱ्हायाचंय. दाखवायच्या आधी मला दाखव, मग सही करतो." तेव्हा सही झाली नाही म्हणून मला घाई सुटली होती. आज वाटतं, माहितीपट करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पहिल्या दिवशीच कुणीतरी ऐकवायला पाहिजे.

आणि मग तो दुपारचा प्रसंग. कॉलर माइक तुमच्या पदराला लावला होता. तुम्ही बोलताना हात हलवत होता आणि हेडफोनमध्ये बांगड्या वाजत होत्या. मुलाखतीआधी बांगड्या, पैंजण उतरवायला सांगणं ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. मी सवयीनं बोलून गेले, "आक्का, बांगड्या तेवढ्या काढून ठेवता का?"

तुम्ही गप्प झालात. पुतणी दाराशी उभी होती, तिनं मान खाली घातली. मग तुम्ही शांतपणे सांगितलंत, "एकदा काढल्यात माझ्या. चौदा वर्सांनी भरल्यात. आता काढत नसतो."

सवाष्णीची बांगडी फुटली तर आपण 'वाढली' म्हणतो, 'फुटली' म्हणत नाही. विधवेच्या मात्र 'फोडल्या' म्हणतो. ही भाषा मला लहानपणापासून ठाऊक होती, याच विषयावर फिल्म करायला मी आले होते, आणि तरीही ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. तुम्ही रागावला नाहीत. कॅमेरा बंद करायला लावलात, चहा ठेवलात आणि त्या दिवशीची सगळी हकीकत सांगितलीत: कुणी हात धरले, दगड कुठला होता, कोण रडत होतं. त्यातलं काहीच रेकॉर्ड झालं नाही आणि ते मी इथंही लिहिणार नाही. पण एडिटिंगला बसल्यावर कुठला शॉट ठेवायचा आणि कुठला नाही, हे त्या चहानंतरच मला समजायला लागलं. बायकांनी मिळून कुंकू पुसण्याचं दृश्य मांडून दाखवायचं आमच्या डोक्यात होतं, ते आम्ही सोडून दिलं.

पुढं एका जाणकारानं मुलाखतीचा आवाज साफ करून घ्या, बांगड्यांची किणकिण खटकते असं सुचवलं. आम्ही ती तशीच ठेवली.

समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधून आधी तुमच्या गल्लीला फिल्म दाखवली, ती रात्र मी विसरणार नाही. त्याआधी तुम्ही एकट्यानं दोनदा बघितली होती, जाऊबाईंचा चेहरा काढायला लावला होता आणि मगच सही दिली होती. पडद्यावर तुमचे हात आले तेव्हा मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी आपले मोकळे हात पदराखाली घेतले. तुम्ही उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसलात. उरलेली फिल्म तुम्ही बघितलीच नाही.

त्या आजींबद्दल तुम्ही फोनवर जे सांगितलंत, ते ऐकल्यापासून मला राहवत नाहीये. रविवारी येते. कासाराला थांबवून ठेवा. कॅमेरा आणणार नाही.

तुमची,
कोल्हापूरची पोरगी